करकरणाऱ्या दाराची कादंबरी

ओसाड गावात घडणारी एक भयंकर रहस्यकथा लिहायची, अशी की वाचणाऱ्याने दिवाणावरून खाली पाय सोडताना दोनदा विचार करावा, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. मी ठरवते फार. एकदा ठरवलं की मग माझ्यापुढे कुणाचं चालत नाही, हेही घरच्यांना ठाऊक आहे. नवरा फक्त एवढंच म्हणाला, "खुनी कोण ते मला आधी सांगू नकोस." वाचनालयातून आणलेल्या प्रत्येक रहस्यकथेचा शेवट मी त्याला जेवताना सांगून टाकते, त्यावर हा टोमणा होता.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याचे कागद तयार करते. कुठला ड्रम कुठल्या टेम्पोत चढला, कुठला टेम्पो कुठल्या गेटवर अडला, यात दिवस जातो. अशा नोकरीत डोक्याला भरपूर मोकळी जागा मिळते. तिथे मी माणसं मारायचे.

ओसाड गाव शोधायला मला लांब जावं लागलं नाही. माझं माहेरच ओसाड पडलं होतं. विमानतळ यायचा म्हणून खाडीकाठची काही गावं उठली, त्यात आमचं एक. भातशेती आणि मिठागरावर पिढ्या काढलेल्या लोकांना नव्या वसाहतीत प्लॉट मिळाले. लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी उतरवली आणि टेम्पो भरून निघून गेले. त्यानंतर जमीन सपाट होईपर्यंत मधले काही महिने गाव तसंच होतं. माणसं नाहीत, पण भिंती उभ्या.

त्याच महिन्यांत माझ्या डोक्यात कादंबरी शिरली. लोक मला म्हणायचे, यावर चांगली करुण कथा लिही. मला ते नको होतं. करुण कथा वाचून माणूस "अरेरे" म्हणतो आणि चहा टाकायला उठतो. भीतीची गोष्ट मात्र शेवटपर्यंत सोडत नाही. आमचं गाव लोकांनी शेवटच्या पानापर्यंत सोडू नये, अशी माझी इच्छा होती. हट्टच म्हणा.

पहिलं प्रकरण झाल्यावर एका रविवारी सुकापूरच्या माझ्या घरून रिक्षा करून नव्या वसाहतीत दादाकडे गेले. दादा माझ्यापेक्षा मोठा, आणि माझ्या लिखाणाचा पहिला शत्रू. आई मांडी घालून कोलंबी सोलत बसली होती. मी खाकरून वाचायला सुरुवात केली. माझी नायिका, एक तपास करणारी बाई, दिवेलागणीला त्या निर्जन गावात शिरते. वारा पडलेला. पानही हलत नाही. आणि इतक्यात डावीकडच्या घराचं दार करकरत उघडतं.

"थांब," दादा म्हणाला. "कंचं दार?"

"घराचं दार."

"बाय, दारं सगली आपन काढून आनली. येकाच्या पन घराला दार ठेवलं नाय. तुझ्या भुतानं सुताराकडून नवीन करून घेतलं का काय?"

आई कोलंबी सोडून हसायला लागली. मीही हसले, पण कानशिलं तापली. कारण तो खरं बोलत होता. घर उतरवताना लोकांनी सगळ्यात आधी दारंच काढली होती. सागाची, फणसाची, चौकटीसकट; दगडी उंबरे तेवढे तिथेच राहिले. आमचंही दार आणलं होतं. नव्या घरात दादाने चकचकीत पॉलिशचं, दोन कुलपांचं दार बसवलं, आणि जुनं दार गच्चीवरच्या खोलीला लावलं. तिथे ते रोज करकरत होतं. जगातल्या सगळ्या भयकथांचं दार, आणि ते माझ्याच आईच्या खोलीला होतं.

आई गच्चीवर राहत होती, हे सांगायला हवं. दादाने तिच्यासाठी तळमजल्यावर खोली काढली होती. पंखा, संडास जवळ, खिडकीतून रस्ता दिसेल अशी जागा. आई त्या खोलीत दिवसा बसायची, जेवायची, शेजारणींशी गप्पा मारायची. पण झोपायला जिना चढून वर जायची. पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात तिथे पापड भाजावा असा पत्रा तापायचा. दादाने विनवलं, वहिनीने विनवलं. "माना वरती बरा वाटते," यापलीकडे ती काही बोलायची नाही.

ते पुढचं. त्या रविवारी माझ्यापुढे प्रश्न दाराचा होता. दार नसलेल्या गावात भीती कशी घालायची? मी ठरवलं, जाऊन बघायचं. ज्या गावात मी वाढले ते बघायला पुन्हा कशाला जायचं, असं दादा म्हणाला. पण मला वसलेलं गाव माहीत होतं, उठलेलं नव्हतं. भर दुपारी दादाच्या गाडीवर मागे बसून गेले. तो नाक्यावर थांबला, म्हणाला, "तुझं भूत भेटल्यावर फोन कर."

आत शिरले आणि अंगावर काटा आला. सगळी घरं उघडी. दार नाही, खिडकी नाही, कौलं नाहीत. एका घरातून बघितलं तर पलीकडच्या घरातून आरपार, त्याच्याही पलीकडे खाडी दिसत होती. आयुष्यभर ज्या घरांच्या माजघरात मला डोकावता आलं नव्हतं ती घरं तोंड वासून उभी होती. एका भिंतीवर कॅलेंडर होतं, महिना उलटायचा राहिला होता. एका स्वयंपाकघरात भिंतीवर फोडणीचे डाग अजून पिवळे होते. मला वाटलं, करकरणाऱ्या दारात काहीच भीती नाही. दार असलं म्हणजे निदान ते लावून तरी घेता येतं.

आमच्या घरापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला. काहीतरी तुटल्याचा, मग फरफटत नेल्याचा. मी श्वास रोखून भिंतीला टेकले. माझ्या नायिकेकडे पिस्तूल होतं, माझ्याकडे पाण्याची बाटली होती. ती मी घट्ट धरली.

"कोन हाय?" बाईचा आवाज.

मी किंचाळले. तीही किंचाळली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो आम्हा दोघींच्याही पाठी एकदमच लागला. भिंतीच्या मागून आमची चुलती बाहेर आली. काखेत शेवग्याच्या शेंगांची मोळी आणि हातात फांद्या ओढायची आकडी.

"तू काय करतंस गो हिकडं?"

"भूत बघायला आले, काकी."

"मंग बघ आनि ह्या शेंगा धर."

काकीचं घर आमच्या शेजारी होतं. घर गेलं, पण परसातला शेवगा उभा होता. दर आठवड्याला ती नव्या वसाहतीतून रिक्षाने यायची, शेंगा काढायची आणि जायची. इतक्या शेंगा कुणी खात नाही, हे तिलाही माहीत होतं. निघताना तिने शेवग्याच्या खोडावर हात ठेवला आणि सहज म्हणाली, "येतंव रं."

येतंव. म्हणजे येते. मी घरून निघताना म्हणते ते, दादा कामाला निघताना म्हणतो ते. "जातो" असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. चुकून म्हटलंच तर आई दारातून परत बोलवायची, पाटावर बसवायची, पाणी पाजायची आणि नीट म्हणायला लावायची. जातात ते परत न येणारे. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या उघड्या गावात, आठवडाभराने कदाचित नसेल अशा झाडाला काकीने "येतंव" म्हटलं, तेव्हा माझे डोळे भरले. मी शेंगा छातीशी धरून नाक्यापर्यंत चालत गेले. दादाने विचारलं, "भेटलं भूत?" मी म्हटलं, "भेटलं. शेंगा दिल्या."

त्या रात्री पहिलं प्रकरण फाडून टाकलं. नवीन लिहिलं. दार नसलेलं गाव. नायिका तिथे येते, आणि तिला रोज सकाळी एकाच घरासमोर ताजा सडा घातलेला दिसतो. ओल्या मातीत अनवाणी पावलं. आत जाणारी. बाहेर येणारी नाहीत. गावात माणूस नाही. मग सडा कोण घालतं?

कादंबरी वेगाने पुढे गेली, गाव वेगाने सपाट होत गेलं. शेवगा पडला तेव्हा काकीने मला फोन केला नाही, दादाकडून कळलं. मग डोंगर फुटले, भराव पडला, कुंपण आलं. मी लिहीत राहिले. दर रविवारी आईला नवीन प्रकरण वाचून दाखवायचं, असा नेमच झाला. दादा चेष्टा करायला म्हणून बसायचा आणि शेवटपर्यंत उठायचा नाही. आई मात्र विचारायची ते एकच. "आत कोन हाय ते कंधी सांगनार?"

मला माहीत असतं तर सांगितलं असतं. घोडं तिथेच अडलं होतं. रहस्यकथेला गुन्हेगार लागतो. मी एकेकाला उभं करून बघितलं. जमीन बळकावणारा ठेकेदार. सूड घ्यायला आलेला भाऊ. वेडी झालेली सून. पण मनातलं गाव माझंच होतं, त्यामुळे ज्याला खुनी करायला जावं तो कुणाचा तरी मामा निघायचा. ज्या प्रकाशकाला मी निम्मी कादंबरी पाठवली त्याने कळवलं, वातावरण छान आहे, पण अपराधी कोण? मी उत्तर दिलं, शोधतेय. नवऱ्याला म्हटलं, आता तर तुला सांगायलाही माझ्याकडे काही नाही.

अशात आई जिन्यात पडली. गच्चीवरून उतरताना चप्पल सरकली आणि मनगट मोडलं. डोकं थोडक्यात वाचलं. डॉक्टरांनी बजावलं, हाडं ठिसूळ झालीत, जिना बंद. पुढच्या वेळी खुबा जाईल आणि मग अंथरूण सुटणार नाही. आई मुकाट ऐकत होती. घरी आलो, तिला खालच्या खोलीत निजवलं, आणि संध्याकाळी बघतो तर बाई प्लास्टर केलेला हात गळ्यात बांधून एकेक पायरी वर चढत होती.

दादाने डोक्याला हात लावला. मी पदर खोचला. हिला खाली आणल्याशिवाय मी राहणार नाही, मग कादंबरी गेली खड्ड्यात. मी तिच्यामागोमाग वर गेले. दार करकरलं. आत बसून मी सरळ विचारलं, "आई, तुला खाली कसला त्रास हाय? सूनबाई काय बोलली का?"

"ती बिचारी काय बोलनार!"

"मग?"

तिने गळ्यातला हात मांडीवर नीट ठेवला. मग दाराकडे बघत म्हणाली, "निंगताना मी घराला सांगून आयले, येतंव म्हनून."

"सगळ्यांनीच सांगितलं, आई. सवयीने."

"सवयीनं नाय. उंबऱ्यावर हात ठेवून सांगलंय. सबूद दिला आनि गेले नाय. खाली झोपले तं वाटते कुनाच्या घरान पावनी म्हनून आयले. हितं निदान दार तं आपलं हाय."

मला रडू आलं, आणि रागही आला. आजवर ही मला सांगत का नव्हती? आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात कादंबरीही लखकन उजळली. आत कोण आहे ते कळलं. गुन्हेगार नव्हताच. जी बाई "येते" सांगून गेली ती परत येत होती, सडा घालत होती. दिलेला शब्द तिला सुटू देत नव्हता.

मी झपाटल्यासारखं शेवटचं प्रकरण लिहिलं. मनात दुहेरी डाव होता. नायिका त्या म्हातारीला गाठते आणि समजावते, की आजी, आता एकदा नीट निरोप घ्या. म्हातारी उंबऱ्यावर हात ठेवते आणि म्हणते, "जाते." पावलं थांबतात, गाव शांत होतं. वाचकाला शेवट मिळेल आणि ऐकता ऐकता आईचीही सुटका होईल. मला वाटलं, माझ्यासारखी शहाणी मीच.

रविवारी वाचलं. "जाते" हा शब्द आला आणि आईचा चेहराच बदलला.

"पयला पुस ते."

"आई, ते गोष्टीतलं—"

"पुस म्हनतंव! म्हातारीला मारतंस?"

"ती मेलेलीच आहे, आई. भूत आहे."

"भूत असू दे. जातंव कुनी म्हनाचं नाय. तिनं येतंव सांगलं. तिला येवाला जागा नाय, ह्यान तिची काय चूक?"

दादा मान खाली घालून बसला होता. मी पानं खाली ठेवली. वरून विमान गेलं. हल्ली त्यांचा आवाज आम्हाला कळतही नाही, पण त्या दिवशी तिघांनीही वर बघितलं. गावाच्या जागी आता तीच उतरतात. आई घरी परत जाऊ शकणार नव्हती आणि "जाते"ही म्हणणार नव्हती. तिच्या जिद्दीपुढे माझी जिद्द म्हणजे काल जन्मलेलं पोर.

मग मी उठले. दादाला म्हटलं, "सुताराला फोन लाव."

"कशाला?"

"वरचं दार खाली आणायचंय. पुढच्या दाराच्या जागी."

दादा भडकला. दोन कुलपांचं दार काढायचं? चौकट बुटकी, भोक मोठं, वर हातभर जागा उरेल ती काय कबुतरांना द्यायची? लोक काय म्हणतील, एवढं घर बांधलं आणि दाराला पैसे उरले नाहीत? मी म्हटलं, लोकांना सांग, बहीण डोक्याने गेलीय, लगेच पटेल त्यांना. मग तो आईकडे वळला. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आई तळमजल्यावरच्या खोलीत सरळ बसली होती, आणि नव्या दाराच्या चौकटीचं माप डोळ्यांनी घेत होती. दादाने ते बघितलं. फोन लावला.

सुताराने दोन दिवस खटपट केली. चौकटीच्या वर फळ्या ठोकल्या. खाली नुसती फरशीची पट्टी होती, तिथे आईने हट्टाने लाकडाचा उंबरा बसवून घेतला. सुतार बिजागऱ्यांना तेल घालायला निघाला तर तिने त्याच्या हातातली बाटलीच काढून घेतली. दार इतकं बुटकं, की दादाने आत येताना कपाळ आपटलं आणि जुन्या गावची सगळी शिवराळ भाषा त्याला एकदम आठवली. गावात आम्ही सगळे वाकूनच घरात जायचो, हे तो विसरला होता.

काम झालं त्या सकाळी आई नवं लुगडं नेसली. वहिनीने हळदकुंकू आणलं. आईने एका हाताने उंबऱ्याला लावलं, आणि मग आम्हाला सगळ्यांना आत जायला सांगितलं. ती एकटी बाहेर थांबली. आम्ही आत, दार ओढून घेतलेलं. दादाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. बाहेरून काहीच हालचाल नाही. मला वाटलं, ती परत फिरते की काय.

मग दार करकरलं. हळू, लांब, जसं माझ्या फाडलेल्या पहिल्या प्रकरणात होतं अगदी तसं. आई वाकून आत आली, उंबऱ्यावर चांगला हात टेकवून, आणि दाराशी बोलावं तशी म्हणाली, "आयले गो."

त्या रात्री ती खाली झोपली. मी माझ्या म्हातारीचं "जाते" खोडलं, आणि कादंबरी तिथेच संपवली जिथे तिला घर सापडतं. प्रकाशकाने पुन्हा विचारलं, अपराधी कोण? मी कळवलं, या गावात कुणी नाही, हवी तर आहे तशी छापा. निघताना आईच्या पाया पडले आणि म्हटलं, "येते."

"ये," ती म्हणाली. "दार हाय."